वरचे दोन

आमच्या घरी आहेराच्या पाकिटांची एक गड्डी कायम असते. लाल, सोनेरी गणपतीची, कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेली. लग्नसराईत ऐन वेळी पळापळ नको म्हणून बायको ती दादरहून डझनाने आणून ठेवते. गेल्या डिसेंबरात तिने एक पाकीट काढलं, तर रुपया नाही. दुसरं काढलं, त्यालाही नाही. तिसऱ्याच्या कोपऱ्यात नखाने खरवडल्याच्या खुणा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं.

आता कबूलच करतो. ते रुपये मी बसच्या तिकिटात घातले.

घरापासून स्टेशनपर्यंत मी एसी बसने जातो. २०१९ साली मुंबईच्या बस चालवणाऱ्या बेस्टने तिकीट खाली आणलं, तेव्हा साधी बस पाच रुपये आणि एसी सहा रुपये झाली. सहा रुपयांत गारवा! मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले आणि सहाचे बारा. पूर्वी जाऊन-येऊन बारा लागायचे, आता नुसतं जायलाच लागतात. पण महागाईचं मला तेवढं दुःख नाही. उपक्रम तोट्यात आहे, बस काही हवेवर चालत नाही, हे मलाही कळतं. माझं दुःख बाराच्या आकड्याचं आहे. दहा असते तर नोट दिली आणि बसलो. पंधरासुद्धा चालले असते. बारा ही काय रक्कम आहे? दहाची नोट दिली की कंडक्टर म्हणतो, "वरचे दोन?" विसाची दिली की म्हणतो, "वरचे दोन द्या, दहा परत देतो." पन्नासाची दिली की काहीच म्हणत नाही, नुसता बघतो. ते सगळ्यात वाईट. (सहाच्या काळात वरचा एकच लागायचा, म्हणजे एका खेपेला एकच पाकीट पुरायचं.)

मोबाइलवर तिकीट काढता येतं, हे मला ठाऊक आहे. चष्मा काढून, चष्मा घालून, पासवर्ड आठवून ते काढेपर्यंत माझं स्टेशन येतं. हा दोष सर्वस्वी माझा.

तर भाडं वाढलं तेव्हा मी तावातावाने नगरसेवकाकडे निघालो होतो. चपला घातल्यावर आठवलं की नगरसेवकच नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक. महापौरही नाही. भाडेवाढ झाली आणि भांडायला माणूसच नाही! चपला काढून आत आलो. बायको म्हणाली, "घातल्याच आहेत तर कोथिंबीर आणा."

म्हणून १५ जानेवारी २०२६ ही महापालिकेच्या मतदानाची तारीख लागली तेव्हा मला बरं वाटलं. भांडायला दोनशे सत्तावीस माणसं एकदम मिळणार! आणि सगळ्यांना एकाएकी बसच आठवली होती. कुणी म्हणालं महिलांना अर्धं तिकीट, कुणी म्हणालं परत पाचावर आणू. पुण्याहून वहिनींचा फोन आला, "आमच्याकडे तर बससकट मेट्रोही फुकट करणार म्हणतायत." पुणं मागे कसं राहील?

अर्ध्या तिकिटाचं ऐकून बायको खूश. एसटीत तिला २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला तर एसटी फुकटच. आमच्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा माणूस मी एकटा. गावी जाताना कंडक्टर आईला हात जोडतो, बायकोला अर्धं फाडतो आणि माझ्याकडे अन्नदात्याकडे बघावं तसं बघतो.

प्रचाराला एक तरुण कार्यकर्ता घरी आला. गळ्यात उपरणं, हातात पत्रकं.

"काका, आपला महापौर बसला की तिकीट कमी. शंभर टक्के!"

मी म्हटलं, "अरे बाळा, महापालिकेचा १८८८ चा कायदा वाचलायस का? महापौर सभा चालवतात, पाहुण्यांचं स्वागत करतात. तिजोरीच्या किल्ल्या आयुक्तांकडे आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. वर भाडं बदलायचं तर परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते."

"मग महापौर काय करतात?"

"राणीच्या बागेत राहतात."

त्याला चेष्टा वाटली, पण हे खरं आहे. शिवाजी पार्कचा महापौर बंगला बाळासाहेबांच्या स्मारकासाठी गेल्यापासून शहराच्या प्रथम नागरिकाचं घर भायखळ्याला प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. तिथे पेंग्विनसुद्धा आहेत, त्यांनाही एसी लागतो. फक्त त्यांना वरचे दोन कुणी मागत नाही.

पोरगा हिरमुसला. मग चहा घेतला, पाच पत्रकं ठेवली आणि जाता जाता म्हणाला, "काका, दहाचे सुट्टे आहेत का? बसने जायचंय."

त्याच आठवड्यात न्यूयॉर्कहून भाच्याचा फोन आला. तिथे बस फुकट करू म्हणणारे झोहरान ममदानी महापौरपदी निवडून आले होते. १ जानेवारीच्या मध्यरात्री त्यांनी शपथ घेतली ती जुन्या, बंद पडलेल्या भुयारी स्टेशनात. मी म्हटलं, वा! याला म्हणतात जनतेचा महापौर.

"हो मामा," भाचा म्हणाला, "आणि ४ तारखेपासून तिकीट दोन डॉलर नव्वद सेंटचं तीन डॉलर झालं."

तिथेही भाडं महापौरांच्या हातात नाही, राज्याच्या वाहतूक संस्थेच्या हातात आहे. पण मला हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तीन! सरळ, गोल, गुळगुळीत तीन. वरचे काही नाही.

मतदान केलं. १६ तारखेला मोजणी होती आणि मला ऑफिस होतं. बसमध्ये प्रत्येक मोबाइलवर कुणीतरी आघाडीवर होतं. माझ्या शेजारचे गृहस्थ तर दर स्टॉपला नवा महापौर बसवत होते. तेवढ्यात कंडक्टर आला. मी दहाची नोट पुढे केली.

"वरचे दोन?"

मी खिशातून दोन नाणी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने एक उलटून पाहिलं. मागे डिंकासकट सोनेरी कागदाचा तुकडा चिकटला होता आणि त्यावर अर्धवट 'शुभ' दिसत होतं.

"काका," तो कागद नखाने खरवडत म्हणाला, "कुणाचं लग्न बुडवलंत?"