झोन १२, ठाणे पश्चिम

पाऊस संपल्याचं आमच्या घरात वेधशाळेच्या आधी माझ्या फोनला कळतं. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख हवामान खात्याने २०२० मध्ये पुढे नेऊन ८ ऑक्टोबर केली. त्याआधी ती २९ सप्टेंबर होती. नातेवाइकांपर्यंत ही सुधारणा पोचलेली नाही. घटस्थापनेच्या आसपास पहिला मेसेज पडतो, "मग, यंदा गॅलरीत काय?" आणि तिथून दिवाळीपर्यंत माझ्या गॅलरीत तीन जिल्हे आणि एक परदेश मिळून शेती करतात. हात तेवढे माझे.

गॅलरी घोडबंदर रोडला, अकराव्या मजल्यावर, तोंड पश्चिमेला. तिच्यात वॉशिंग मशीन, कपडे वाळत घालायचा स्टँड, एसीचं बाहेरचं युनिट आणि नवऱ्याने लॉकडाउनमध्ये हौसेने घेतलेली, तेव्हापासून विश्रांती घेणारी सायकल आहे. उरलेलं क्षेत्र लागवडीखाली.

आणि ऋतू शरद. शरद म्हटलं की कोजागरी, चांदणं, निरभ्र आकाश. निरभ्र आकाश हीच तर कटकट आहे. ढग हटले की ऊन मध्यस्थाशिवाय अंगावर येतं. जमिनीत चार महिन्यांचं पाणी मुरलेलं असतं, ते वाफ होऊन वर निघतं. पावसाळी वारे दमलेले आणि उत्तरेकडचे थंड वारे अजून घरूनच निघालेले नसतात. पारा ३५-३६ वर आणि हवा ओलीचिंब. शहापूर-मुरबाडकडच्या भाताला हेच ऊन हवं असतं, त्याशिवाय दाणा पिकत नाही. पण मी भात लावलेला नाही. मी पालक लावलाय, आणि तो रोज दुपारी कुंडीच्या काठावर मान टाकतो.

पहिला फोन न्यू जर्सीहून, नणंदेचा.

"वहिनी, तुमचा झोन कुठला?"

"कासारवडवली," मी म्हटलं.

ती तो झोन विचारत नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्याने झाडांसाठी देशाचे १३ झोन पाडलेत. हिवाळ्यात पारा सरासरी किती खाली जातो, एवढ्या एकाच गोष्टीवरून. दर १० अंश फॅरनहाइटला एक झोन. २०२३ मध्ये त्याचा नवा नकाशा आला आणि तो तिने मला पाठवला. तिचं घर सातव्या झोनात, म्हणजे थंडीत उणे १२ ते उणे १८ सेल्सिअस. आमच्या ठाण्याचा पारा जानेवारीत फार रुसला तर १२-१४ वर बसतो, आणि त्या हिशेबाने आम्ही बाराव्या झोनातले. या झोनात नकाशावर हवाईचे काही किनारे येतात. अमेरिकन मोजमापाने मी हवाईत राहते, हे कळल्यावर बरं वाटलं. हवाईत टँकर आल्याचा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर किती वाजता पडतो, याचा रंग मात्र त्या नकाशात नाही.

शिवाय तो नकाशा सांगतो ते एवढंच, की कुठलं झाड किती थंडीत मरेल. आमच्याकडे थंडीने कोणी मरत नाही. पाणी साचून मुळं कुजतात, पिठ्या ढेकूण लागतो, रस्त्याच्या कामांची धूळ पानांवर थर धरते, आणि एखादं झाड कारण न सांगता जातं. यासाठी कोणी नकाशा काढला तर मी पैसे देऊन घेईन.

पण नणंदेची यादी तयार होती. पहिलं दव गोठायच्या आत कुंड्या घरात घ्या. नळीतलं पाणी काढून ठेवा, नाहीतर गोठून नळी फुटते. लसूण लावून टाका. गळलेली पानं गोळा करून वाफ्यांवर पसरा. आता आमच्या गेटवरचा देशी बदाम पानं लाल करून टाकतो ती फेब्रुवारी-मार्चला. ऑक्टोबरात त्याच्यावर हिरवंगार छत्र असतं आणि खाली आमचा वॉचमन झोपतो. त्याला उठवून पानगळ करवून घेणं माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

नवऱ्याने बहिणीच्या प्रेमापोटी ट्यूलिपचे कंद मागवले. ट्यूलिपला फुलण्याआधी तीन-चार महिने कडक थंडी लागते. ठाण्यात ती फक्त फ्रिजमध्ये मिळते, म्हणून कंद भाजीच्या कप्प्यात गेले. मग नणंदेचा दुसरा मेसेज आला, की शेजारी फळं ठेवू नका. पिकत्या फळांतून, सफरचंदांतून तर खासच, इथिलीन वायू निघतो आणि कंदातली कळी आतल्या आत जळते. हे नवरात्रात! आमचा अख्खा फ्रिज तेव्हा सफरचंद, चिकू आणि पेरूंच्या ताब्यात असतो. म्हणजे हॉलंडची फुलं हवी असतील तर सासूबाईंनी उपास सोडायला हवे होते. हा प्रस्ताव त्यांच्यापुढे कोणी मांडायचा यावर आम्हा नवरा-बायकोत चर्चा झाली आणि कंद निमूटपणे कंपोस्टच्या डब्यात गेले.

तिच्याकडचा कढीपत्ता मात्र मी मानते. हॉलमध्ये सोफ्याशेजारी त्याची कुंडी आहे, डोक्यावर खास दिवा आहे, दाराच्या फटीतून गार वारा येऊ नये म्हणून खाली टॉवेलची गुंडाळी आहे. चार पानं फोडणीला घ्यायची तर घरात मतदान होतं. इथे भाजीवाला कोथिंबिरीबरोबर मूठभर कढीपत्ता न मागता टाकतो. आणि तरीही बाराव्या झोनात माझा कढीपत्ता काडी होऊन उभा आहे.

मामा निफाडचे, द्राक्षबागवाले. द्राक्षाला वर्षाला दोन छाटण्या: एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरात गोडी. गोडी छाटणीनंतर साधारण चार-साडेचार महिन्यांनी माल हाती येतो, त्यामुळे ऑक्टोबरात निफाडचा माणूस कात्री घेऊनच फिरतो आणि ज्याला खोड आहे त्याला छाटायचं असतं, असं मानतो.

"पोरी, व्हिडिओ कॉल लाव. कॅमेरा खाली घे. अजून खाली. हां, ते कोणतं?"

"गुलाब."

"घे खाली. डोळा बाहेरच्या अंगाला ठेव, वर तिरपा काट मार."

गुलाबाचं त्यांचं बरोबर होतं. पावसाळा सरल्यावर गुलाब छाटतातच. पण मामा तिथे थांबले नाहीत. कात्री नवऱ्याच्या हातात होती, मामांचा आवाज स्पीकरवर होता आणि जावई सासरच्या माणसाला नाही म्हणत नाही. गुलाबामागून मोगरा गेला, मोगऱ्यामागून जास्वंद. जास्वंदीची रोज दोन फुलं सासूबाईंच्या गणपतीला जातात. सकाळी त्या परडी घेऊन गॅलरीत आल्या, काड्यांकडे पाहिलं, आणि पुढे दिवसभर चहा हवा का हे त्यांनी मला विचारलं, मुलाला नाही.

धाकट्या जावेचे बाबा नागपूरकडच्या काटोलचे. संत्र्याची बाग, बांधावर लिंबं. ते पाण्याच्या विरुद्ध आहेत.

"ताई, लिंबाले ताण द्या लागते. पाणी तोडा. पान सुकलं तरी घाबरू नका."

लिंबाच्या कुळातल्या झाडाचं पाणी काही काळ बंद ठेवायचं, ते वाढ थांबवतं, मग पाणी सोडलं की फुलांवर येतं. हस्त नक्षत्राच्या सुमाराला धरलेला तो हस्त बहार, आणि त्याचं लिंबू भर उन्हाळ्यात येतं. "तवा भाव असते," असं त्यांनी आवर्जून सांगितलं. माझं एक झाड आहे आणि मी बाजारात उतरणार नाही, हे मी त्यांना कळवलं नाही. अडचण निराळीच. ताण द्यायचा तो पाऊस चालू असतानाच्या दिवसांत, आणि आमच्याकडे हस्ताचा पाऊस गडगडाट करत तिरका गॅलरीत येतो. म्हणून लिंबाची कुंडी उचलून हॉलमध्ये आणावी लागली. त्याच संध्याकाळी नणंदेला फोटो गेला. ती खूश. कुंड्या आत घ्या म्हणून ती कधीची सांगत होती! काटोल आणि न्यू जर्सी यांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं आमच्या घराण्यात हे पहिलंच. एकाला पावसाची धास्ती, दुसरीला बर्फाची, आणि टीव्हीपुढे काटे मला टोचतात.

घोडबंदर रोडच्या नर्सरीत मी एकदा सरळ विचारलं, की आत्ता नक्की काय लावू?

"मॅडम, ये सब बारा महिना चलता है."

"और ये पिटुनिया?"

"वो ठंडी में."

"ठंडी कब आएगी?"

त्याने आकाशाकडे पाहिलं आणि मला कोकोपीटच्या दोन विटा दिल्या.

खरी हकिकत अशी, की ठाणे हा एक झोन आहे हेच मला पटेनासं झालंय. शेतीच्या हिशेबाने महाराष्ट्राचे ९ हवामान विभाग पाडलेत आणि आमचा जिल्हा त्यात उत्तर कोकण किनारपट्टीत बसतो. जिल्हा बसत असेल. माझी गॅलरी नाही. एसीच्या युनिटसमोर अवर्षणप्रवण विभाग आहे. तिथे निवडुंगसुद्धा पिवळा पडला. वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीची नळी बरोबर आमच्या डाव्या कोपऱ्यावर ठिबकते, तो निश्चित पावसाचा विभाग. एप्रिल-मेमध्ये तर तिथे अतिवृष्टी. वॉशिंग मशीनच्या मागे ऊन पोचत नाही आणि शेवाळं सुटत नाही, तो घाटमाथा. घाटमाथा आणि अवर्षण यांच्यामध्ये सायकल आहे, तिथला पट्टा संक्रमण विभाग, म्हणजे कुठली कुंडी तिथून कुठे जाईल सांगता येत नाही. हा नकाशा काढून मी फ्रिजवर लावला. नवऱ्याने विदर्भ कुठे आहे असं विचारलं. मी हॉलमधल्या लिंबाकडे बोट दाखवलं.

सासूबाई या सगळ्यात पडल्या नाहीत. त्या अलिबागच्या. त्यांच्याकडे भात कापला की मोकळ्या शेतात उरलेल्या ओलीवर कडवे वाल टाकतात आणि मग बघायला जात नाहीत; जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव यावर ते येतात. त्यांनी रंगाच्या रिकाम्या बादलीत मूठभर वाल पेरले. बादलीत ओल सकाळी अकरापर्यंत टिकते. तरी वाल आले. वर चढायला आधार हवा म्हणून वेलाने कपड्यांचा स्टँड धरला आणि नवऱ्याचा निळा शर्ट बाहीपासून ताब्यात घेतला. शर्ट सोडवायचा म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. त्याला दुसरे आहेत."

त्यांचं लक्ष जानेवारीवर आहे. शेंगा भरल्या की पोपटी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, मडकं पालथं घालून भोवती जाळ. पार्किंगच्या कोपऱ्यात तेवढा जाळ करू द्याल का, असं त्यांनी सेक्रेटरींना लिफ्टमध्ये विचारलं. सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी परिपत्रक काढलं. त्यात जाळाचा उल्लेख नाही. कुंड्यांना पाणी सकाळी सहा ते सात याच वेळेत घालावं, म्हणजे खालच्या मजल्यांवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चिखल टपकणार नाही, असं आहे. जाळाला उत्तर म्हणून पाणी आलं, हे मला प्रशासकीयदृष्ट्या आवडलं.

मी सगळ्यांना "हो, हो" म्हणत दिवाळीपर्यंत थांबले. हवा जरा कोरडी झाल्यावर पसरट टबात मेथी टाकली. मेथीचं मला आवडतं. तीन-चार दिवसांत ती वर येते आणि काय ते सांगून टाकते. धणे आठ-दहा दिवस तोंड उघडत नाहीत, त्यात आपली झोप उडते. मेथी उगवली, दोन पानांवर आली, आणि एका सकाळी तिच्यात कबूतर बसलेलं दिसलं. बाजूला खराट्याच्या काड्या, एक केबल टाय आणि दोन अंडी.

"हात लावायचा नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. "पाणीपण घालायचं नाही. थंडी बाधेल."

कबुतराची अंडी उबायला सतरा-अठरा दिवस लागतात आणि पिल्लू उडेपर्यंत पुढे महिना. म्हणजे माझा सबंध हंगाम आता कबुतराच्या नावावर आहे. ही बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर गेली आणि बागेचा विषय तिथल्या तिथे बंद पडला. नणंदेने घरट्यावर कॅमेरा बसवायला सांगितलंय, तिला ऑफिसातून बघायचंय. काटोलहून निरोप आला की पश्चिमेच्या उन्हाला गोणपाट बांधा. मामांनी फोनच केला. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच-सहाच्याही खाली उतरतो आणि मग रात्रभर द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून वेली जपाव्या लागतात, हे ते आयुष्यभर करत आलेत.

"पोरी, रात्री गारठा असंल ना तिकडं?"

"मामा, पंखा चारवर आहे."

"तरी पण. पहाटेच्याला अंडी गार पडतात. जवळपास थोडा जाळ करून ठेव."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी चष्मा लावला आणि सेक्रेटरींचा नंबर शोधायला घेतला.