सामाईक कोठीचे कुलूप

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरात कोठीची खोली एक आणि तिच्यावर हुकमत गाजवणाऱ्या दोघी, आई आणि काकू. त्यामुळे एकाच डब्याला दोन हात एकदम लागले तर काय होते, हे मला संगणक शिकण्यापूर्वीच ठाऊक होते. कार्यालयातील दोन सर्व्हरांना एकच डिस्क जोडून देण्याचे काम मी म्हणूनच हसत पत्करले. साधी फाइल प्रणाली, म्हणजे डिस्कवरच्या फायलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, दोघांनी एकदम माउंट केली, म्हणजे वापरासाठी जोडून घेतली, तर एकाने काय लिहिले याचा दुसऱ्याला पत्ता नसतो आणि थोड्याच वेळात डिस्कवर खिचडी शिजते. जीएफएस-२ ही सामाईक डिस्कसाठीच केलेली फाइल प्रणाली मात्र डीएलएम नावाच्या कुलूपवाल्याला विचारल्याशिवाय डब्याला हात लावत नाही. ही प्रणाली २००६ मध्ये, २.६.१९ या आवृत्तीपासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. तेव्हा दोन खुणा केल्या की काम झाले, असा माझा समज.

कर्नलमध्ये काय काय घ्यायचे ते निवडण्याच्या मेन्यूत, म्हणजे मेन्यूकॉन्फिगमध्ये, जीएफएस-२ ला मी मोठ्या ऐटीत 'वाय' दिला, म्हणजे कर्नलमध्ये कायमचा मुक्काम. आणि डीएलएमला काटकसर म्हणून 'एम' दिला, म्हणजे गरजेपुरते बोलवायचे मॉड्यूल. कर्नल तयार झाला, माउंटची आज्ञा दिली आणि उत्तर आले की लॉक_डीएलएम नावाचा प्रोटोकॉलच, म्हणजे डीएलएमकडे कुलूप मागण्याची रीतच, सापडत नाही. परत मेन्यूत जाऊन पाहतो, तर जीएफएस-२ च्या खालचा कुलपाचा पर्यायच गायब! ज्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत, तो पर्याय हा मेन्यू दाखवत नाही आणि का दाखवत नाही तेही सांगत नाही. काकूंचा अबोला अगदी याच जातीचा असतो. दोन दिवसांनी स्लॅशची कळ दाबून शोध घ्यायचे सुचले, तेव्हा कुठे अटींची यादी हाती लागली: नेटवर्क हवे, सिसएफएस आणि कॉन्फिगएफएस हे कर्नलचेच दोन भाग हवेत, आणि डीएलएम एक तर 'वाय' तरी हवा किंवा जीएफएस-२ सारखाच हवा. घरात कायम राहणाऱ्याने बोलावल्यावर येणाऱ्याच्या भरवशावर चूल मांडू नये, हे आईने मला फुकटात सांगितले असते. दोघांनाही 'एम' दिल्याबरोबर पर्याय निमूटपणे हजर झाला.

पहिला सर्व्हर माउंट झाला. दुसऱ्याने नकार दिला, कारण येथे प्रत्येक यंत्राला आपापले जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, लागते आणि फॉरमॅट करताना वेगळे सांगितले नाही तर एकच मिळते. दुसरे जर्नल जोडून रात्री घरी पोहोचलो, तेव्हा कोठीत जीरावण मसाल्याचे दोन नवे पुडे शेजारीशेजारी ठेवलेले होते आणि आई व काकू एकमेकींकडे न पाहता पोळ्या लाटत होत्या.