हाताला काम, कानात पॉडकास्ट

भांडी घासताना नुसती भांडीच घासणारी माणसं अजूनही जगात आहेत. बिचारी केर काढतात, कपडे वाळत घालतात आणि तेवढ्या वेळात त्यांच्या ज्ञानात काडीची भर पडत नाही. रोमन साम्राज्य का कोसळलं, हे त्यांना कळायचं राहूनच जातं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे चार सल्ले. मला सल्ला द्यायचा अधिकार काय, असं विचाराल, तर गेल्या शनिवारी मी स्वतःच्याच घराच्या बंद दाराबाहेर पन्नास मिनिटं उभी होते. ते पुढे येईलच.

सुरुवात एपिसोड निवडण्यापासून करा. काम दहा मिनिटांचं असेल तर निवडीला वीस मिनिटं ठेवा. एका हातात घासणी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं यादी वर सरकवणं चालू. याचा आवाज आवडत नाही, त्यातला पाहुणा कंटाळवाणा आहे, तिसरा अर्धा ऐकलाय पण कुठला अर्धा ते आठवत नाही. शेवटी परवाचाच परत लावा. तोवर घरातलं दुसरं कुणीतरी वैतागून भांडी घासून टाकतं, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा.

वेग दुप्पट ठेवा. इंग्रजी ऑडिओबुकं साधारण मिनिटाला 150 शब्दांच्या चालीनं वाचलेली असतात. ती 300वर न्या. वाचणाऱ्यानं एखाद्या वाक्याआधी श्वास रोखून जीव ओतलेला असतो, तो थांबा गाळून टाकायची सोयही ॲपमध्ये असते, तीही चालू करा. नायिकेला मरायचं असेल तर तिनं पटकन मरावं. तुम्हाला अजून फरशी पुसायची आहे.

मध्येच लक्ष उडालं तर घाबरू नका, मागे जायचं बटण असतंच. फक्त हात साबणाचे असतात. मग खांद्यानं कान दाबा, कोपरानं फोन दाबा, हनुवटीनं पडदा सरकवा. पंधरा सेकंद मागे जायच्या ऐवजी पुढचं प्रकरण सुरू होईल. होऊ दे. दोन्ही प्रकरणांत तेवढंच कळणार आहे.

स्पीकरवर ऐकायचं असेल तर बागेत फिरायला जा, सगळ्यांनाच लाभ होईल.

जिममध्ये आधीच मोठ्यानं गाणी चालू असतात, त्यामुळे तुमचा आवाज त्यांच्या वर चढवायला हवा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास ऐकलं तर चालतं, 90 डेसिबलला मात्र चारच तास. पण कान कशासाठी जपायचे? म्हातारपणी ऐकू आलं नाही तर वेगळं काय होणार आहे? आत्ता तरी कुठे कुणाचं ऐकू येतंय? आणि प्रकरण संपेपर्यंत मशीनवरून उठू नका. मागे टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस तुमच्या शिस्तीचं कौतुक करतोय.

आता मुख्य गोष्ट, बाहेरचा आवाज मारणारं ते बटण. ते कायम चालूच ठेवायचं. इअरबडमधला बारीक माइक बाहेरचा आवाज टिपतो, त्याच लहरीची उलटी लहर कानात सोडली जाते आणि दोन्ही एकमेकींना खातात. पंख्याची घरघर, इंजिनाचा आवाज असलं एकसुरी, खालच्या पट्टीतलं सगळं यात छान मरतं. दारावरची थाप आणि माणसाची हाक मात्र इतकी सहज मरत नाही. ती मारायला माणसाला स्वतः हातभार लावावा लागतो. त्यासाठी कानात बोळा घट्ट बसवायचा, आवाज वाढवायचा आणि फोन ‘व्यत्यय नको’वर टाकायचा.

आमच्याकडे शनिवारी हे सगळं अगदी व्यवस्थित केलेलं होतं. मी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. दोन मिनिटांचं काम, म्हणून किल्ली नाही, फोन नाही. वर येते तो वाऱ्यानं दार लागलेलं, लॅच बसलेलं. बेल वाजवली. परत वाजवली. मग बोट बेलवरच ठेवलं. आतून भांड्यांचा आवाज स्पष्ट येत होता, म्हणजे नवरा जिवंत होता. नळ चालू झाला, बंद झाला. मी त्याला नावानं हाक मारली, मग लग्नाआधीच्या लाडाच्या नावानं, मग इथं लिहिता येणार नाहीत अशा दोनतीन नावांनी. कानीकपाळी ओरडणं म्हणतात ते हेच, फक्त मध्ये एक दार होतं. आणि मग आतून तो हसला! मोकळं, गडगडाटी हसला आणि वर ‘अगदी बरोबर!’ म्हणाला. कुणाला? कानातल्या त्या माणसाला. बावीस वर्षांत माझ्या एकाही वाक्याला इतक्या मनापासून ‘अगदी बरोबर’ मिळालेलं नाही.

शेजारच्या काकू त्यांच्या फोनवरून फोन लावून दमल्या. मग त्यांनी मला बसायला खुर्ची आणून दिली. जिन्यात, घरच्या गाउनमध्ये, खुर्चीवर बसले मी.

तिथं बसल्याबसल्या मला कॉलेजात शिकलेला एक प्रयोग आठवला. 1953 साली कॉलिन चेरी नावाच्या शास्त्रज्ञानं लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं मोठ्यानं म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच इंग्रजीचं जर्मन झालं, तरी ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नाही. पुढे 1959मध्ये नेव्हिल मोरे यानं त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं नावच पेरून पाहिलं. साधारण तिघांतल्या एकाला ते ऐकू गेलं. माझ्या नशिबी उरलेल्या दोघांपैकी एक आला.

पन्नास मिनिटांनी दार उघडलं. माझ्या हाकांनी नाही, बेलनंही नाही. इअरबडची बॅटरी संपली म्हणून. आणि दारात, ओल्या हातांनी, हा माणूस मला काय म्हणतो? ‘‘अगं, हाक मारायचीस ना!’’

मी शांतपणे विचारलं, काय ऐकत होतास? म्हणाला, एकाग्रतेवरचा एपिसोड, जबरदस्त होता. म्हटलं, त्यातलं एक काहीतरी सांग. बराच वेळ छताकडे बघून म्हणाला, ‘‘असं एकदम नाही सांगता येणार, पूर्ण ऐकायला हवा.’’ मी आत जाऊन घासलेल्या पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं. तेलकट थर जसाच्या तसा.

म्हणजे ऐकलंही नाही आणि घासलंही नाही! मग पन्नास मिनिटं केलं काय?

आणि आता तुम्ही. हो, तुमच्याशीच बोलतेय. हे वाचतानाही एका कानात काहीतरी चालू आहे ना? मला वेळेच्या सदुपयोगाचं सांगू नका. फरशी पुसणं कंटाळवाणं असतं, हे मलाही ठाऊक आहे. लांब चालायला जाताना मीही पुस्तक ऐकते आणि पाय दुखायला लागल्याचं उशिरा कळतं, बरं वाटतं. बोलकी पुस्तकं वाईट कोण म्हणेल? 1930च्या दशकात ती तबकड्यांवर आली ती अंध वाचकांसाठी. एका बाजूला पंचवीसेक मिनिटं वाजायची, मग उठून तबकडी उलटायची, परत ऐकायचं. त्यांना पुस्तक हवं होतं म्हणून पुस्तक ऐकायचे ते. तुम्हाला पुस्तक नको असतं, घरातल्या माणसांचा आवाज नको असतो! तसं सांगा ना सरळ.

घरात लहान मूल असतं. म्हातारं माणूस न्हाणीघरात पाय घसरून पडतं आणि तिथून हाक मारतं. रस्त्यावर धावताना मागून सायकलवाला घंटी बडवत घसा फोडतो आणि तुम्ही ढिम्म. आदळला की चूक त्याची. एक कान मोकळा ठेवायला काय जातं? आणि समोरचं माणूस बोलायला लागलं की ते एक बोट वर करून ‘एक मिनिट’ दाखवता ना, ते आधी बंद करा. बोट माझ्याकडे कशाला दाखवता, त्याच बोटानं त्या माणसाला थांबवा. तो रेकॉर्ड केलेला आहे, संध्याकाळीही तेच बोलेल.

आणि ते पातेलं मी परत ओट्यावर काढून ठेवलंय. अजून तिथंच आहे.