‘जमिनीखालचा बॉम्ब’ आणि सिमेंटची चिमणी

‘सावधान! नॉर्वेत कारखान्यांचा विषारी वायू समुद्राखाली कोंडून टाइमबॉम्ब बनवतायत. १९८६ साली कॅमेरूनमध्ये असाच वायू फुटून १७०० माणसं एका रात्रीत मेली. यासाठी कारखान्यापेक्षा जास्त वीज लागते. फायदा फक्त तेल कंपन्यांचा. त्यापेक्षा सोलर लावा, झाडं लावा. पुढचा नंबर महाराष्ट्राचा!!’

हा मेसेज आठवडाभर ग्रुपांवर फिरतोय. विषय आहे कारखान्यांच्या चिमणीत पकडून जमिनीखाली पुरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, थोडक्यात ‘कार्बन’चा. काल तो आत्याने पाठवला, ‘हे खरं का रे?’ या प्रश्नासकट. आत्याने तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. तिलाही शंका यावी, म्हणजे आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

आधी कॅमेरून, कारण सगळी भीती त्याच ओळीत भरलीय. २१ ऑगस्ट १९८६च्या रात्री न्योस तळ्याकाठी सतराशेहून जास्त माणसं गेली, हे खरं. पण तिथे कोणी काही कोंडलं नव्हतं. ज्वालामुखीच्या विवरातलं दोनशे मीटर खोल तळं. तळातून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात विरघळून साठत गेला आणि त्यावर झाकण काय, तर नुसतं पाणी. ते ढवळलं गेलं आणि सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा वायू उसळला, हवेपेक्षा जड म्हणून दऱ्यांमधून वाहत गावांत शिरला.

नॉर्वेत तळं नाही आणि पोकळीही नाही. तिथल्या नॉर्दर्न लाइट्स प्रकल्पात हा वायू किनाऱ्यावरून शंभर किलोमीटर पाइपने जातो आणि समुद्रतळाखाली २६०० मीटरवरच्या वालुकाश्मात सोडला जातो. वालुकाश्माच्या तुकड्यावर फुलपात्रातून पाणी ओतून बघा. दगड ते पिऊन टाकतो, भोक मात्र कुठे दिसत नाही. साठवण असते ती कणाकणांमधल्या त्या बारीक फटींत. वर शेल खडकाचा घट्ट थर. ३१ अंश तापमान आणि ७४ बार दाबाच्या पुढे हा वायू वायू राहतच नाही, द्रवासारखा दाट होतो. त्यातला बराचसा फटींतच अडकतो; फडकं कितीही पिळलं तरी ओलसर राहतं ना, तसा. काही खाऱ्या पाण्यात विरघळतो आणि ते पाणी जड होऊन खाली बसतं. म्हणजे वर्षं जातील तसा धोका कमी होत जातो. असा कुठला बॉम्ब असतो?

संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २००५च्या विशेष अहवालाने हेच तपासलं: जागा नीट निवडली आणि देखरेख ठेवली, तर शंभर वर्षांनंतरही ९९ टक्क्यांहून जास्त कार्बन आतच राहण्याची शक्यता फार मोठी आहे. नॉर्वेच्याच समुद्रातल्या स्लाइप्नर वायुक्षेत्रात १९९६पासून हे चालू आहे, आणि जमिनीत कंपनलहरी पाठवून तो साठा कुठवर पसरलाय ते पुन्हापुन्हा पाहिलं जातं.

घाबरायचंच असेल तर दोन गोष्टींना घाबरा. एक, जुन्या सोडून दिलेल्या तेलविहिरी: पाणी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून आम्ल होतं, ते विहिरीतलं सिमेंट आणि पोलाद खातं आणि वायूला वर यायला वाट होते. दुसरी, पाइपलाइन. २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शियाजवळ पावसाने माती घसरली आणि २४ इंची पाइपचा जोड तुटला. गाड्यांची इंजिनं हवेअभावी बंद पडली, ४५ जणांना रुग्णालयात जावं लागलं. कोणी दगावलं नाही. मेसेज लिहिणाऱ्याला खरं उदाहरण हवं होतं तर हे होतं, पण यात १७०० नाहीत.

आता ‘सोलर लावा’. विजेसाठी जरूर लावा. पण सिमेंटचा निम्म्याहून जास्त कार्बन इंधनातून येतच नाही, तो दगडातून येतो. शंभर किलो शुद्ध चुनखडक भाजला की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पानाच्या चुन्याचंही हेच गणित. खडक गडचांदूरचा असो की नॉर्वेतल्या ब्रेविकचा, भट्टी सूर्याने तापवा नाहीतर शेणाने, ते ४४ किलो सुटणारच. म्हणून ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ साली चिमणीला अमाइनचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरणाऱ्या रसायनाचा, मनोरा जोडला. अमाइनचं द्रावण चाळीसेक अंशांना वायू धरून ठेवतं, १२० अंशांना सोडतं.

विजेच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने मान्य. खरी भूक उष्णतेची: जुन्या पद्धतीच्या अमाइनला पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे साडेतीन गिगाज्यूलच्या आसपास, जवळपास एक टन क्लिंकर (दळून सिमेंट होतं ते भट्टीतले खडे) भाजायला लागते तेवढी. ब्रेविकला निम्माच कार्बन, वर्षाला चार लाख टन, पकडतात त्याचं कारण हेच. कारखान्यातली वाया जाणारी उष्णता तेवढ्यालाच पुरते. पण ‘कारखान्यापेक्षा जास्त वीज’ हे थाप आहे. कोळशाच्या वीजकेंद्रातही साधारण पाव वीज यात जाते. तीही थोडी नाही, म्हणून तिथे मी याची वकिली करणार नाही. कॅनडाच्या बाउंडरी डॅम या कोळशाच्या वीजकेंद्रात अमाइन खराब होत राहिलं आणि दहा लाख टनांचं वार्षिक लक्ष्य हुकत राहिलं.

तेल कंपन्या? हो, आजवर पकडलेल्या कार्बनपैकी बहुतेक तेल उपसायलाच वापरला गेला. ब्रेविकचा मात्र नाही, तो वर सांगितलेल्या समुद्राखालच्या वालुकाश्मातच जातो.

झाडं लावाच. एक झाड वर्षाला वीस किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तर एकट्या ब्रेविकच्या चार लाख टनांसाठी दोन कोटी झाडं लागतील, तीही वाढती आणि न तोडलेली.

आणि ‘पुढचा नंबर महाराष्ट्राचा’? कारखान्याचा कार्बन पुरणारा एकही प्रकल्प आज राज्यात चालू नाही. आपल्या काळ्या कातळाचा, म्हणजे बसाल्टचा, विषय निघतो तो आइसलँडमुळे. तिथल्या कार्बफिक्स प्रयोगात बसाल्टमध्ये सोडलेल्या कार्बनपैकी ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगड झाला. फक्त तिथे तो आधी पाण्यात विरघळवतात, आणि एका टनाला सुमारे २५ टन पाणी लागतं. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर, टनामागे. मराठवाड्यात उन्हाळ्यात एका टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने विचारायचा प्रश्न हा आहे, बॉम्बचा नव्हे.