वाऱ्याच्या तोंडावर कोल्हापूरकर

कोल्हापुरात पत्ता विचारला तर माणूस "सरळ जावा" म्हणतो. मध्ये दोन चौक लागोत, एक बोळ लागो, वाटेत कुणाचा मांडव पडलेला असो, उत्तर तेच. उधारी मागायची असो, लग्नाची बोलणी असोत नाहीतर नुसतं भांडण असो, आमच्याकडे थेट विषयाला हात घालायची पद्धत आहे. अशा गावातल्या पोराला कुणीतरी शिडाची नाव चालवायला शिकवावी आणि पहिल्याच तासाला सांगावं की जिकडं जायचंय तिकडं तोंड करून जाता येत नाही, हा मला आजही अन्याय वाटतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्याकडे शिबिरांचं पीक येतं. पोहणं, कुस्ती, लाठीकाठी, घोडेस्वारी, संस्कार. संस्कार शिबिरातून आमचे चिरंजीव मागेच परत आले होते, म्हणजे परत पाठवले गेले होते. यंदा एक पत्रक आलं. फक्त मुलांसाठी, जिल्ह्यातल्या एका धरणाच्या काठावर, तंबूत मुक्काम, दोरावर चढणं, आणि शिडाच्या नावा. पोरानं ते पत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि त्याच्याकडे बघत जेवायला लागला.

खरा विरोध माझ्या आईचा. तिनं 2005 चा पूर बघितलाय, 2019 चा बघितलाय, 2021 चा बघितलाय. कोल्हापुरात दुधाचा भाव माहीत नसलेला माणूस एखादवेळेस सापडेल, पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे पाळण्यातलं पोरही सांगेल. 2019 ला तर आईला तिच्या बहिणीच्या घरातून बोटीत घालूनच बाहेर काढलं होतं. बोट हे तिच्या लेखी हौसेचं वाहन नाही.

"पाण्याची हौस फिटली न्हाई व्हय अजून तुमची?" ती म्हणाली. "तालमीत घाल त्याला. माती अंगाला लागती, पर बुडवत न्हाई."

मी इतिहास काढला. म्हटलं, आई, आपल्या कोल्हापूरच्या गादीचं आरमार होतं. सिंधुदुर्ग आपला, मालवण बंदर आपलं. 1812 च्या तहात ते बंदर इंग्रजांना द्यावं लागलं, आणि तेव्हापासून आपल्याला समुद्राच्या आड सह्याद्री यायला लागला. तो आधीही तिथंच होता, पण तोवर आडवा येत नव्हता.

"मग आता ह्यो जाऊन ते बंदर परत आणणार हाय काय?"

मी पैसे भरून आलो.

सामानाच्या यादीबद्दल फार लिहीत नाही. 'खाद्यपदार्थ आणू नयेत' ही ओळ बायकोनं 'थोडेच आणावेत' अशी वाचली आणि भडंगाचा डबा टॉवेलात गुंडाळून सॅकच्या तळाशी गेला. फोनवर बंदी होती. शेवटच्या रविवारी पालकांना बोलावणं होतं, आणि त्यात एक सूचना होती : पालकांनी कपड्यांचा एक जादा जोड आणावा. ती वाचून बायको हसली. ती काठावरच बसणार होती.

माझं उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या भागात, लेथचं वर्कशॉप आहे. त्या भागात जन्म गेला की कुठलीही वस्तू दिसली तरी माणूस आधी तिचं वजन हेरतो आणि मग इंजिन शोधतो. काठावर पोरांच्या नावा रांगेनं मांडल्या होत्या. ऑप्टिमिस्ट म्हणतात त्यांना. लांबी जेमतेम 2.3 मीटर, नुसता सांगाडा 35 किलोचा, नाळ, म्हणजे पुढचं तोंड, टोकदार नाही, चपटीच. पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी जगभर हीच नाव वापरतात. 1947 साली अमेरिकेत, फ्लोरिडात, क्लार्क मिल्स नावाच्या नावा बांधणाऱ्या माणसानं ती काढली. तिथल्या पोरांना उतारावरून सोडायच्या लाकडी गाड्यांचा नाद होता. त्याऐवजी त्यांना पाण्यावरचं काहीतरी द्यावं आणि ते प्लायवुडच्या दोन फळ्यांत बसावं, एवढी मागणी होती. हे ऐकून मला तो माणूस आपला वाटला. पार्टीनं बजेट सांगितलं, ह्यानं मटेरियल सांगितलं, जॉब झाला.

"पण हिचं इंजिन कुठाय?" मी सरांना विचारलं.

सर मूळचे मालवणचे, नौदलातून निवृत्त. त्यांनी बोट वर केलं. वर नुसतं आभाळ होतं.

"आणि बंद पडलं तर?"

"पडता मधी-मधी. मगे वाट बघूची."

मग त्यांनी सगळ्या पालकांना गोळा करून दिलीप दोंद्यांची गोष्ट सांगितली. 2009-10 मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पोरं मान डोलावत होती, त्यांना पाठ होती. मी विचारलं, "ते तरी सरळ गेले काय?"

"पृथ्वी गोल आसा ओ," सर म्हणाले.

1812 चा विषय मी काढला नाही. पोरगं अजून त्यांच्या ताब्यात होतं.

पालकांसाठी मोठी नाव होती. एंटरप्राइझ, चार मीटरची, दोघांची, शिडं निळी. सुकाणूवर पोरगा, पुढच्या शिडाची दोरी बापाच्या हातात. घरात दूध आणायला तीन हाका मारायला लागतात तो हा मुलगा, आणि इथं "पप्पा, मधे बसा", "पप्पा, हात आत घ्या", "पप्पा, जरा बोलू नका". आणि मी ऐकत होतो, कारण खाली पाणी होतं.

आता तांत्रिक भाग. तो मला ओरडून ओरडून समजावलेला असल्यामुळे चांगला लक्षात आहे. शिडाची नाव वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊच शकत नाही. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना साधारण 45 अंशांपर्यंतचा पट्टा तिला बंद. त्या पट्ट्यात नाळ घातली की शीड फडफडतं आणि नाव जागच्या जागी उभी राहते. पुढं जायचं तर आधी तिरकं डावीकडं, मग वळून तिरकं उजवीकडं, परत डावीकडं. ह्याला टॅकिंग म्हणतात. शिडाला लागलेला वारा नावेला खरं तर बाजूला ढकलत असतो, पण तिच्या पोटाखाली पाण्यात एक उभी फळी असते, ती तिला बाजूला सरकू देत नाही. मग नाव जाणार कुठं, तर पुढं. हे मात्र मला लगेच पटलं. लेथवर जॉब चकात घट्ट धरल्याशिवाय हत्यार काम करत नाही, तसंच ते. सुकाणूचं पटलं नाही. दांडा डावीकडं ढकलला की नाव उजवीकडं वळते. असं मशीन मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्यानं ते माझ्या दारात आणून टाकलं असतं.

शर्यत होती. पाण्यात लांबवर एक नारिंगी फुगा, त्याला वळसा घालून परत यायचं. फुगा बरोबर वारा जिकडून येत होता तिकडं बांधलेला. मुद्दाम तसाच बांधतात. तो मला स्वच्छ समोर दिसत होता आणि पोरगा निघाला होता डाव्या अंगाच्या झाडीकडं.

"अरं, फुगा तिकडं हाय की!"

"माहीत आहे, पप्पा."

"मग निघालास कुठं?"

"फुग्याकडंच."

शेजारच्या नावेत मंगळवार पेठेतले एक गृहस्थ होते. आम्ही शिवाजी पेठेतले. कोल्हापूरकराला यापुढं काही सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो : आमच्याकडची पेठापेठांतली ईर्षा एरवी फुटबॉलच्या मैदानावर सांभाळून ठेवलेली असते, आणि मैदान नसेल तिथं ती आम्ही सोबत घेऊन जातो. त्यांचा पोरगा निघाला उजवीकडं. दोन नावा एकमेकींपासून आणि फुग्यापासूनही लांब चालल्या होत्या, आणि दोन्ही बाप मागं वळून बघत होते की हा बाबा चाललाय कुठं.

बऱ्याच वेळानं दोन्ही नावा वळल्या आणि समोरासमोर आल्या. इतक्यात त्यांच्या पोरानं आमच्याकडं हात करून आरोळी ठोकली, "स्टारबोर्ड!"

माझ्या घराण्याचा उल्लेख झाला असं वाटून मी उभा राहिलो आणि त्याच्या वडिलांना आपल्या भाषेत दोन शब्द परत केले. नावेत उभं राहायचं नसतं. पोरानं मला शर्टाला धरून खाली बसवलं आणि नियम सांगितला. स्टारबोर्ड म्हणजे नावेची उजवी बाजू. ज्या नावेला वारा उजव्या बाजूनं लागतो तिचा हक्क पहिला. डाव्या बाजूनं लागतो तिनं वाट द्यायची. आम्हाला डाव्या बाजूनं लागत होता.

"म्हणजे शिवाजी पेठेनं मंगळवार पेठेला वाट द्यायची?"

"हो, पप्पा."

"धडकू दे."

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नाव शांतपणे त्यांच्या मागून काढली. मंगळवार पेठेनं जाता जाता मला नमस्कार केला. तो नमस्कार मी विसरणार नाही.

फुग्याला वळसा पडला आणि वारा पाठीशी आला. आता ह्यात काय शिकायचं राहिलं, म्हणून मी पाय पसरले. पाठीमागून वारा असताना शीड नावेबाहेर आडवं सोडतात. त्याच्या खालच्या काठाला एक दांडी असते, तिला बूम म्हणतात. नाव जरा वळली की वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूनं लागतो आणि ती दांडी ह्या काठावरून त्या काठावर येते. हळू येत नाही. पोरानं नियमाप्रमाणं आधी इशारा दिला, "जायबिंग!"

मी "काय?" म्हणून मान वर केली.

तोंडावरच्या वाऱ्यानं मला तासभर काही केलं नव्हतं. हाणलं ते पाठीशी होता त्यानं. टेंगूळ उजव्या कानाच्या वर आलं. त्या धक्क्यानं मी गेलो डावीकडं, आणि माझ्याबरोबर नावही गेली.

मी पाठीला पत्र्याचा डबा बांधून पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूस. पाण्यात पडलं की काठ गाठायचा, एवढं एकच शास्त्र आम्हाला माहीत. मी चार हात मारलेही. मागून आवाज आला, "पप्पा, नाव सोडायची नाही! पहिला नियम!" आडवी झाली तरी ही नाव बुडत नाही, तिच्यात हवा कोंडलेली असते. आणि पाण्यातलं एकटं डोकं लांबून कुणाला दिसत नाही, नाव दिसते. म्हणून तिला धरून राहायचं. मी परत फिरलो. सगळ्या पोरांना पहिल्या दिवशी मुद्दाम नावा उलट्या करायला लावून हे शिकवलं होतं. आमच्या चिरंजीवांनी ते इतक्या शांतपणे सांगितलं की संस्कार शिबिरवाल्यांना बोलावून दाखवावं.

नाव सरळ करायची तर पोटाखालची ती फळी आता आडवी बाहेर आलेली असते, तिच्यावर चढून मागं रेलायचं. साधी तरफ आहे. पोराच्या वजनानं ती जागची हलेना. तेव्हा मी चढलो. माझं वजन इथं लिहीत नाही, तरफेला ते पुरलं. जास्तच पुरलं. डोलकाठी पाण्यातून उठली, उभी झाली आणि तिथं न थांबता तशीच पुढं येऊन माझ्या अंगावर दुसऱ्या कुशीला झोपली.

काठावरून टाळ्या ऐकू आल्या. त्यात बायको होती.

तोवर डोंगरामागून काळं चढलं. मे महिन्यातला वळीव, त्याला काय, दुपारी कोंदटतं आणि संध्याकाळी फाडून काढतो. सरांची शिट्टी वाजली. नावेत डोलकाठी अॅल्युमिनियमची असते, वीज चमकायला लागली की पाण्यावर कुणी थांबत नाही. एक बोट दोरी घेऊन आम्हाला ओढायला आली. तिला इंजिन होतं. कुठल्या बनावटीचं आहे ते मी पाण्यातूनच वाचून घेतलं. शर्यत रद्द झाली. त्या वेळी आपण पुढं होतो असं मंगळवार पेठेचं म्हणणं आहे. असू दे.

घरी आल्यापासून पोराच्या वागण्यात फरक पडलाय. आधी "सायकल पाहिजे" म्हणून जमिनीवर लोळायचा. आता आजीकडं जातो, तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो. तिथून आईकडं, तिला न सांगता भाजी निवडून देतो. तिथून परत आजीकडं : "गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर मी रोज तुला धारोष्ण दूध आणून दिलं असतं गं, पण चालत फार वेळ लागतो." प्रत्येक फेरीला थोडा पुढं सरकलेला असतो. ह्यात फुगा मी आहे हे मला कळतंय, पण फुग्याला जागेवरून हलता येत नाही.

आता एकच विषय उरला. त्या दोन कोलांट्यांत नावेच्या सुकाणूची एक बिजागरी वाकली होती. सर म्हणाले, मुंबईहून मागवतो. मुंबईहून! उद्यमनगरचा माणूस समोर ओला उभा असताना! मी तिथंच माप घेतलं. वर्कशॉपला आल्यावर बाकीचे जॉब बाजूला ठेवून नवी बिजागरी केली, स्टेनलेस स्टीलची, जाडी मूळच्या दुप्पट, पिन तिप्पट. परत म्हणून वाकायचा प्रश्न नाही. पैसे घेणार नाही असं चिठ्ठीत लिहिलं आणि एसटीनं पार्सल पाठवलं.

परवा सरांचा फोन आला.

"बिजागरी पोचली. ह्याचा वजन किती, माहीत आसा?"

"सव्वादोन किलो," मी अभिमानानं म्हटलं.

"आमच्याकडे ह्याका नांगर म्हणतत."

"नांगरपण देतो की सर. किती नग पाहिजेत?"