पाणी ब्लॉकमध्ये नाही, ब्लॉकखाली मुरतं

रत्नागिरी-चिपळूणकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : 'पाणी मुरणारे पेव्हर ब्लॉक कोकणात फुकट जातात. आपला पाऊस त्यांना झेपत नाही, एका पावसाळ्यात बुजतात, गाडीखाली फुटतात. जांभा तसाही पाणी पितोच. आणि चिपळूण बुडालं तेव्हा ब्लॉकने काय केलं असतं?'

'पाऊस झेपत नाही.' तासाला 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर 100 लिटर पाणी. नीट बसवलेले नवे ब्लॉक तासाला हजारो मिलिमीटर आत घेतात. गाळाने ती क्षमता दहावा हिस्सा उरली तरी आकडा शेकड्यांत राहतो. अडतं ते खाली. आपल्याकडे रोलरने माती दाबतात, वर कच (दगडाची बारीक भुकटी) पसरतात, ब्लॉक ठोकतात आणि फटींतही कचच भरतात. ओली कच थापली जाते. तिच्यावर कुठलाही ब्लॉक ठेवा, पाणी तुंबणारच. मेसेज लिहिणाऱ्याने अशीच अंगणं पाहिली असावीत. कचेऐवजी धुतलेली मोठी खडी 300 मिलिमीटर भरा. तिच्यात 40 टक्के पोकळी धरली, तर 120 मिलिमीटर पाऊस मावतो. हजार चौरस मीटरच्या वाहनतळाखाली 1,20,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर! मे महिन्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

'जांभा पाणी पितोच.' चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडावर, तांब्याभर ओतलं तर पितो, खरंय. पण सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचा, कडक थर पाणी उतारावर ढकलतो, आणि जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमाती असते. म्हणून खडीच्या तळाशी भोकांचा पाइप हवाच; न मुरलेलं पाणी तो सावकाश बाहेर काढतो.

'बुजतात.' हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अर्धा खरा आहे. डोंगर कापलेल्या ठिकाणची लाल माती वाहून ब्लॉकवर आली तर फटी भरतात, सावलीत शेवाळही धरतं. पण गाळ बहुतेक वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच अडकतो. चढाच्या बाजूला पन्हळ काढून माती अडवा, आणि पावसाआधी, मे महिन्यात, फटींतली वरची बारीक खडी खरवडून नवी भरा. निविदेत ब्लॉकचे पैसे धरतात, या कामाचे धरत नाहीत, याचा मला खरोखर राग येतो.

'फुटतात.' रुंद फटींचा ब्लॉक नेहमीच्याच भरीव काँक्रीटचा असतो. ज्याच्या अंगातूनच पाणी झिरपतं तो जाळीदार, विनावाळूचा ब्लॉक नाजूक. तो पायवाटेला वापरा, ट्रकखाली नको.

राहिलं चिपळूण. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, ते कुठल्याही ब्लॉकने थांबलं नसतं. ब्लॉकचं काम त्याहून लहान आहे : भरतीने खाडीकडचं गटाराचं तोंड दाबलेलं असताना आपल्या गल्लीतलं पाणी तास-दोन तास पोटात धरून ठेवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं.