चौदा ए

दिवाळीत दार्जिलिंगला निघालोय आणि दिल्ली–बागडोगरा विमानात माझी सीट पंखावर आहे. ती मी निवडलेली नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या बुकिंगवाल्याकडं तिरुपतीच्या हरिप्रिया एक्सप्रेसचं तिकीट काढायला आलेल्या एका काकांनी निवडली.

माझा अभ्यास पक्का होता. विमान पूर्वेला जातं, म्हणजे हिमालय डाव्या हाताला. जाताना डावी खिडकी 'ए', येताना उजवी 'एफ'. दिवाळीत सूर्य दक्षिणेकडं कललेला, त्यामुळं डावीकडं डोळ्यावर ऊनही नाही. पंखाच्या बरंच मागं बसलं आणि हवा स्वच्छ असली, तर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा थेट खिडकीत. "पंचवीस ए," मी ऐटीत सांगितलं.

"मागं?" बाकड्यावरून आवाज आला. मांडीवर भडंगाची पुडी, तोंड चालू. "मागं नका बसू ओ. आदळतंय."

"काका, एसटी नाही, विमान आहे."

"मग तर वरनं आदळणार! सकाळचं हाय काय?"

"हो."

"आन् चाललंय उगवतीला. म्हंजे ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यात. तुमी कुठं का बसंना."

एवढं बोलून काका उठले. चष्मा कपाळावर, तोंड स्क्रीनच्या वीतभर अंतरावर. भडंगाचं तेलकट बोट सीटांवरून फिरत फिरत चौदाव्या रांगेवर टेकलं. "हितं. पंखावर. भक्कम असतंय."

"अहो, पण डोंगर दिसणार नाही."

"मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर बघितलाय?"

"...नाही."

"मग!"

या 'मग'ला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तेवढ्यात बुकिंगवाल्यानं बोट होतं तिथं क्लिक केलं. पैसे गेले. काकांनी शांतपणे स्वतःसाठी साइड लोअर मागितला. "खिडकी पायजे. घाट बघाय बरा."

जास्त राग कशाचा येतो सांगू? पंखाजवळ हादरे सगळ्यात कमी बसतात, हे खरं आहे. माणसानं धड चूक तरी असावं!

विमानवालेही काही कमी नाहीत. खिडकीचे वेगळे पैसे घ्यायचे आणि खिडकीतून काय दिसणार ते सांगायचं नाही. बोइंग ७३७ मध्ये डावीकडं एका ठिकाणी भिंतीतून एसीचा पाइप वर जातो, तिथं खिडकीच नसते. नकाशात ती सीट बघावी तर बहुतेकदा विंडोच म्हणून मिरवते. सिनेमावाल्यानं खांबामागच्या खुर्चीला बाल्कनीचा दर लावला तर आपण भांडू. इथं मुकाट्यानं ओटीपी टाकतो.

सीट बदलायची तर पुन्हा पैसे. मी कालच बुकिंगवाल्याशी भांडून आलो. तो म्हणतो, "साहेब, अर्धे मी सोसतो. उरलेले काकांकडनं घ्या, रोज पाचला हितंच बसत्यात."